दारातून दिसतं ते

“सिस्टर, तुमचा हात लागला.”

हौसाबाई ऑपरेशन थिएटरच्या दारात उभी होती. एका हातात बादली, दुसऱ्या हातात फडकं. तोंडाला मास्क, त्यामुळे नुसते डोळे दिसत होते, आणि ते माझ्या उजव्या हाताकडे लागले होते. टेबलावर भागवत शिरोळे आडवे, कमरेखाली बधिर. डाव्या नडगीचं मोडलेलं हाड उघडं केलेलं. हाडावर बसवायची स्टीलची प्लेट माझ्या हातात, आणि ती घ्यायला डॉक्टर परांडेकरांनी हात पुढे केलेला.

“कशाला लागला?” परांडेकरांनी मान वर न करता विचारलं.

“सलाइनच्या दांडीला. सिस्टर वळल्या तवा. हितं, बाहीला,” हौसाबाईने स्वतःच्या मनगटाच्या वर बोट ठेवून दाखवलं.

परांडेकरांनी माझ्याकडे पाहिलं. “साळवे सिस्टर, लागला का?”

“नाही सर.”

“नक्की?”

“नाही लागला. ती दारात उभी आहे, तिला तिथून काय दिसणार?”

“द्या प्लेट,” ते म्हणाले. मी दिली.

हौसाबाई बादली घेऊन बाजूला झाली.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. तालुक्याच्या गावातलं ट्रस्टचं हॉस्पिटल, चाळीस खाटा, एक थिएटर, आणि त्या थिएटरची सिस्टर मी, रूथ साळवे. वय चौतीस. त्या खोलीत मला नऊ वर्षं झाली होती आणि नऊ वर्षांत मला एकदाही कुणी ‘हात लागला’ असं म्हटलं नव्हतं. डॉक्टरांना म्हटलं होतं, शिकाऊ नर्सेसना तर रोज म्हणत. मला नाही. मी हे मिरवायचे बरं का. तोंडाने नाही, पण चालण्यात, बोलण्यात, नव्या मुलींकडे बघण्यात ते दिसत असणारच.

आमच्याकडे इंग्रजी कुणाला फारसं येत नव्हतं, पण ‘स्क्रब’ हा एक शब्द सगळ्यांच्या तोंडात. संध्याकाळी कार्बोलिक टाकून फरशी घासायची, तो स्क्रब. पेशंटची कातडी साबणाने घासून औषध लावायचं, तोही स्क्रब. ऑपरेशनच्या आधी ब्रशने नखं, बोटांच्या चारी बाजू, तळवे, कोपरापर्यंत हात, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पाच मिनिटं घासायचे, तोही स्क्रबच. आणि हात धुऊन, गाऊन-ग्लोव्हज चढवून टेबलाशी उभी राहणारी ती स्क्रब सिस्टर. ‘आज स्क्रब कोण?’ असं विचारलं की उत्तर यायचं, ‘साळवे’. हौसाबाई त्याला ‘सकरप’ म्हणायची. “माझं सकरप झालं सिस्टर, आता तुमचं करा,” म्हणायची, आणि मी हसायचे. घासायचं तर दोघीही घासायचो. पण गुडघ्यांवर बसून घासणं वेगळं आणि उभं राहून घासणं वेगळं, आणि त्या दोन्हींमधलं अंतर मला फार प्रिय होतं.

त्याचं कारण सांगते. माझी आई नगरकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात फरश्या घासायची. तिच्या गुडघ्यांना घट्टे पडले होते. तिनेच मला नर्सिंगला घातलं. “तू उभी राहून काम कर, रूथ,” म्हणायची. तिच्याबद्दल मी इथे कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच तर ‘आई दवाखान्यात होती’ एवढंच म्हणायचे. ऐकणाऱ्याला काय समजायचं ते समजो.

आता थिएटरचा नियम. आमचे मोठे डॉक्टर, आजगावकर, यांनी तो घालून दिला होता. एकदा हात स्क्रब झाले की ते छातीसमोर धरायचे आणि निर्जंतुक केलेल्या वस्तूंखेरीज कशालाही लावायचे नाहीत. लागला, तर बाहेर जायचं, गाऊन-ग्लोव्हज उतरवायचे, पुन्हा पाच मिनिटं घासायचं. आणि लागला की नाही हे ठरवणार कोण, तर ज्याने पाहिलं तो. मग तो भूल देणारा डॉक्टर असो, नाहीतर फडकं मारणारी मावशी. “ज्याचा हात, त्याचं मत विचारायचं नाही,” आजगावकर म्हणायचे. “त्याची नजर समोर असते. कोपर मागे असतं. दुसऱ्याला दिसतं ते खरं.” ते स्वतःही पाळायचे. एकदा अपेंडिक्सच्या ऑपरेशनला हौसाबाई म्हणाली, “साहेब, तुमचा हात त्या स्टुलाला लागला,” तर ते एक अक्षर न बोलता नळाकडे गेले होते. मी स्वतः पाहिलंय.

त्या मंगळवारी मात्र आजगावकर नव्हते. परांडेकर हाडांचे डॉक्टर, मिरजेहून फक्त मंगळवारी यायचे. सकाळी आमच्याकडे दोन ऑपरेशनं, दुपारी पुढच्या गावी दोन. माणूस घाईचा, पण हाताला कसबी. आमचा नियम त्यांना कुणी सांगितलेला नव्हता, म्हणून त्यांनी मला विचारलं. तसं विचारायची आमच्यात पद्धतच नव्हती.

ऑपरेशन चांगलं झालं. प्लेट बसली, सहा स्क्रू बसले, टाके घातले. हात धुताना परांडेकर म्हणाले, “तुमच्या त्या बाईची नजर भारी आहे की हो.” मी म्हटलं, “तिला मध्येमध्ये बोलायची सवय आहे, सर.”

दुपारी मी मेट्रन थोरातबाईंच्या खोलीत गेले. तक्रार करायला नाही, नुसतं कानावर घालायला. तक्रार करणं आणि कानावर घालणं यात फरक आहे, असं मी जिना चढता चढता स्वतःला पटवलं होतं. थोरातबाईंनी हौसाबाईला बोलावलं आणि माझ्यासमोरच झापलं.

“बाहेरगावचे डॉक्टर येतात, त्यांच्यासमोर सिस्टरना खोटं पाडतेस?”

“खोटं न्हाई बाई. दिसलं ते बोलले.”

“तुला काय दिसायचंय? तू फरशी बघ. यापुढे ऑपरेशन चालू असताना तोंड उघडायचं नाही. कायम व्हायचंय ना तुला?”

सहा वर्षं हौसाबाई हंगामी होती. दर अकरा महिन्यांनी तिला काढायचे, महिनाभर घरी बसवायचे, परत घ्यायचे. नवरा गेलेला, पदरात दोन मुली. येत्या पहिल्या तारखेला कायम करायच्या चार जणांच्या यादीत तिचं नाव होतं, हे सगळ्या हॉस्पिटलला ठाऊक होतं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने वगैरे नाही. मग, “व्हय बाई,” म्हणाली आणि गेली.

शुक्रवारी आजगावकरांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. मदतीला एक नवखा डॉक्टर. तो गाऊन घालून वळला तसा त्याचा हात ट्रॉलीच्या खालच्या कडेला घासला. मी पाहिलं. आणि मी असंही पाहिलं की हौसाबाईनेही पाहिलं. तिची मान चटकन वर झाली, आणि तितक्याच चटकन खाली गेली. ती फरशी पुसायला लागली. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

“डॉक्टर, हात लागला,” शेवटी मीच म्हटलं. तो बिचारा गेला परत धुवायला. आजगावकरांना यात काहीच वावगं वाटलं नाही. पण त्या दारात उभे असलेले दोन डोळे माझ्यामुळे बंद झाले होते, आणि हे मला एकटीलाच माहीत होतं.

तरी मी गप्प बसले. वाटलं, होईल पुढे सगळं आपोआप ठीक.

शिरोळे एसटीत ड्रायव्हर होते. घाटात टायर बघायला खाली उतरले आणि मागून आलेल्या मोटारसायकलने नडगी मोडली. माणूस मोठा बोलका. आमच्याकडे ऑपरेशन झालेल्यांचं ड्रेसिंग थिएटरची सिस्टरच करायची, त्यामुळे रोज सकाळी मी त्यांच्या खाटेशी. त्यांचा रोज एकच प्रश्न.

“सिस्टर, क्लच दाबता यील न्हवं?”

“येईल हो. हाड जुळू द्या.”

“डावा पाय हाय म्हनून इचारतो. उजवा असता तर बरेक आन् अॅक्सिलेटर कसंबी भागवलं असतं. पर डावा गेला की डायवर संपला. मंग आगारात बसून पंक्चरी मोजा.”

“संपत नाही काही. पडून राहा.”

पाचव्या दिवशी त्यांना कणकण आली. सहाव्या दिवशी ताप एकशे दोन. सातव्या दिवशी मी बँडेज सोडलं तर टाक्यांच्या खालची कातडी लाल, ताणलेली, हात लावला तर चटका बसावा अशी गरम. मी एका टाक्याच्या बाजूला हलकेच दाबलं. पिवळा पू आला.

हाडात पू म्हणजे काय ते नर्सला सांगावं लागत नाही. कातडीतला पू आठ दिवसांत वाळतो. प्लेटखाली, हाडात गेला की वर्ष जातं, कधी पाय जातो.

“काय झालं सिस्टर?” शिरोळ्यांनी विचारलं. “तुमचा चेहरा उतरला.”

“काही नाही. थोडं ओलं आहे.”

“क्लच...”

“डॉक्टर येतील, ते सांगतील,” मी म्हटलं आणि ट्रे उचलून बाहेर आले. बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि रडले. खोटं कशाला सांगू, त्यांच्या पायासाठी नाही रडले. आता सगळं बाहेर येणार, या भीतीने रडले.

पण ते बाहेर आलंच नाही. दुसऱ्याच वाटेने गेलं.

पुढच्या मंगळवारी परांडेकरांनी जखम उघडून धुतली आणि आजगावकरांना जाऊन सांगितलं की तुमच्या थिएटरात काहीतरी चुकलंय. दुपारी आजगावकरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. ते टेबलामागे, थोरातबाई खुर्चीवर, मी उभी, आणि दाराशी भिंतीला टेकून हौसाबाई. परांडेकर पुढच्या गावी निघून गेले होते.

“कशातून झालं असेल, काही अंदाज?” आजगावकरांनी विचारलं.

थोरातबाई तयारीत आल्या होत्या. “सर, हत्यारं निर्जंतुक करायचे ड्रम तपासले, ते ठीक आहेत. नळाचं पाणी ठीक आहे. राहिली फरशी. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळचा स्क्रब हौसाबाईचा होता. कोपऱ्यात ओल राहिलेली मी मागे दोनदा पाहिली आहे. निष्काळजी बाई आहे. माझं मत आहे की तिला कायम करू नये. किंबहुना आजच कमी करावं. पेशंटच्या घरच्यांना आणि ट्रस्टींना काहीतरी उत्तर द्यावं लागेल ना.”

वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं आणि मी बघत उभी होते. हौसाबाईचा स्क्रब मी सहा वर्षं पाहत होते. ती काथ्याच्या ब्रशने फरशीच्या फटी घासायची, एकेक फट, गुडघ्यांखाली पोत्याचा तुकडा घेऊन. तिच्या फरशीवर भाकरी ठेवून खाल्ली असती मी.

आजगावकर हौसाबाईकडे वळले. “हौसाबाई, तुझं काय म्हणणं?”

“मी घासली हुती साहेब. रोजच्यावानी.”

“त्या दिवशी ऑपरेशन चालू असताना तू काही बोललीस, असं परांडेकर म्हणत होते. सिस्टरचा हात लागला म्हणून.”

माझ्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं. म्हणजे त्यांना माहीत होतं. आता ती सांगणार. सांगू दे, एकदाचं सांगू दे, असं मला वाटलं. आणि त्याच वेळी मनात उत्तरही तयार होतं, की ती स्वतःची चूक झाकायला माझ्यावर ढकलते आहे. हो, होतं तयार. माणूस किती हलकट होऊ शकतो, ते मला त्या दिवशी स्वतःवरूनच कळलं.

“बोलले हुते साहेब,” हौसाबाई म्हणाली.

“मग? खरंच पाहिलंस?”

तिने पदर सारखा केला. थोरातबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “न्हाई साहेब. मला नीट दिसलं न्हवतं. माझी नजर अधू हाय. सिस्टर म्हनल्या लागला न्हाई, म्हंजी न्हाईच लागला.”

“बघा,” थोरातबाई म्हणाल्या. “दिसत नाही म्हणते, आणि ऑपरेशनमध्ये बोलते.”

आजगावकरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. हौसाबाई खाली मान घालून उभी होती आणि तिच्या दोन्ही पायांची बोटं फरशीवर आवळलेली मला दिसत होती. नोकरी जाणार हे तिला कळून चुकलं होतं. माझ्या बाजूने बोलली तरी जाणार, विरुद्ध बोलली तरी जाणार. मग निदान सिस्टरशी वैर नको, एवढाच हिशेब तिने केला असावा.

मी तोंड उघडलं. “सर, लागला होता.”

थोरातबाईंनी मान फिरवली. “काय?”

“माझा हात लागला होता. सलाइनच्या दांडीला. बाहीला. हौसाबाई म्हणाली तिथेच.”

“तुम्हाला नंतर लक्षात आलं?” आजगावकरांनी विचारलं. माझ्यासाठी ती पळवाट होती. ‘हो सर, नंतर आठवलं’ म्हणाले असते तर खपून गेलं असतं.

“नाही सर. तेव्हाच कळलं होतं. दांडीचा धक्का लागलेला कळला होता. ती बोलायच्या आधीच.”

“मग?”

“मग ती बोलली,” मी म्हटलं. “ती बोलली नसती तर कदाचित मीच सांगितलं असतं. नाही सांगता येत. पण ती बोलली, सगळ्यांसमोर, आणि मला ते सहन झालं नाही. फरशी घासणाऱ्या बाईने मला शिकवावं, हे मला सहन झालं नाही.”

आणि मग, कुणी विचारलं नसताना, “माझी आईही फरश्या घासायची,” असं मी म्हणाले. ते का म्हणाले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. थोरातबाई माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू मला वेड लागलंय. हौसाबाईने मान वर केली होती.

आजगावकरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. माझा त्यांच्यावर फार जीव, बापासारखा माणूस. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत.

“पू त्या बाहीमुळे झाला की आणखी कशामुळे, ते कुणीही सांगू शकणार नाही,” ते म्हणाले. “हजार वेळा हात लागतो आणि काही होत नाही. त्याबद्दल मी तुम्हाला बोलत नाही. पण या बाईला तुम्ही गप्प केलंत, सिस्टर. माझ्या थिएटरात आता मला कोण सांगणार?”

ते थोरातबाईंना म्हणाले, हौसाबाईचं नाव यादीत राहील, मी स्वतः सही करतो. मला म्हणाले, उद्यापासून तुम्ही थिएटरात नाही, वॉर्डात. मेमो मिळेल. आणि पेशंटला मी सांगतो.

“पेशंटला मी सांगते सर,” मी म्हटलं.

“जमेल?”

“सांगते.”

बाहेर आले तर हौसाबाई मागच्या पडवीत, फडकी वाळत घालायच्या दोरीपाशी उभी. मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा माझा हात धरेल. आपण खरं बोललो की माणसाला लगेच वाटतं समोरच्याने आपली आरती ओवाळावी.

“मावशी, खोटं का बोललात?” मी विचारलं. रोज मी तिला अगंतुगं करायचे, रागात असले तर नुसतं हौसाबाई. त्या दिवशी तोंडातून मावशी आलं.

“आता काय सांगू,” ती म्हणाली. “आदी खरं बोलून बगितलं हुतं. त्याचं काय झालं ते तुमी बगितलंच. मंग खोटं बोलून बगितलं.”

“माझं चुकलं.”

“चुकलं तर खरं,” ती म्हणाली आणि फडकी झटकायला लागली. दोन झटकून झाली तशी पुन्हा बोलली, माझ्याकडे न बघता. “तुमची आय खरंच फरशी घासायची का, का आपलं त्या साहेबास्नी सांगितलं?”

“खरंच घासायची.”

“हाय का अजून?”

“नाही. चार वर्षं झाली.”

“कळलं असतं तर वरडली असती तुमाला,” हौसाबाई म्हणाली. मी हो म्हटलं.

पुढचं थोडक्यात सांगते. हौसाबाई पहिल्या तारखेला कायम झाली आणि निवृत्त होईपर्यंत त्याच थिएटरात होती. मी आठ महिने वॉर्डात काढले. मग आजगावकरांनी परत बोलावलं. पहिल्याच आठवड्यात हौसाबाईने मला दोनदा परत हात धुवायला लावलं, त्यातल्या एकदा तरी तिने मुद्दाम लावलं असा मला दाट संशय आहे. मी दोन्ही वेळा गेले. शिरोळ्यांचा पाय वाचला. पण प्लेट काढावी लागली, दोनदा पुन्हा उघडावा लागला, हाड वाकडं जुळलं आणि पाय इंचभर आखूड झाला. एसटीने त्यांना आगारात बैठं काम दिलं. त्यांनी पुन्हा गाडी चालवली नाही.

हे सगळं नंतरचं. त्या मंगळवारी संध्याकाळी यातलं काहीच ठरलं नव्हतं. वॉर्डात चहा वाटून झाला होता. शिरोळे भिंतीला उशी लावून बसले होते, बशीतून चहा पीत. ताप उतरला होता. मला बघून ते हसले.

“या सिस्टर. आज ह्या वक्ताला कशा?”

मी स्टूल ओढून बसले आणि सांगितलं. आडवळण न घेता, पहिल्यापासून. पुवाचं नक्की कारण कळणार नाही हेही सांगितलं, पण ते आधी सांगितलं नाही, शेवटी सांगितलं.

ते ऐकत राहिले. बशी तशीच हातात.

“तुमाला तवाच कळलं हुतं?”

“हो.”

“परत हात धुवायला किती येळ लागला असता?”

“दहा मिनिटं. गाऊन बदलून वगैरे.”

त्यांनी मान हलवली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कानोसा घेत होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

“मी जागा हुतो की सिस्टर. कंबरंखाली काय कळत न्हवतं, पर कान उघडं हुतं. ती बाई म्हनली, हात लागला. डाक्टरनं तुमाला इचारलं. तुमी म्हनला, न्हाई.”

“हो.”

“बावीस वर्सं गाडी चालवतोय मी. मागं काय चाललंय ते डायवरला दिसत न्हाई. कोन पायरीवर हाय, कुना म्हातारीचा पदर दारात घावलाय, काय दिसत न्हाई. कंडक्टरनं एक घंटी दिली की बरेक दाबायचा. का म्हनून इचारायचं न्हाई. दोन घंट्या झाल्या की निघायचं. माझा कंडक्टर निम्म्या येळा उगंच घंटी मारायचा. लै शिव्या दिल्या त्याला, पर थांबायचो. बावीस वर्सांत एक मानूस गाडीखाली आलं न्हाई.”

शेजारचा म्हातारा कोपरावर उठून बसला.

“त्या दिवशी घंटी मी बी ऐकली,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, रोज क्लचचं विचारायचे तसाच होता. “आन् गाडी तशीच पुढं गेली ते बी कळलं. मला वाटलं, ह्यांच्यात कायदा येगळा असंल.”

“नाही,” मी म्हटलं. “आमच्यातही तोच आहे.”

त्यांनी उरलेला चहा प्यायला नाही. बशी माझ्या हातात दिली, पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मी बशी घेऊन थोडा वेळ तिथेच बसून राहिले.